गोळी तर मीच झाडतो ना?

जून २०२१ मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्याच्या वन्यजीव आयोगाने एकमताने ठरवलं की शिकारीसाठी, किंवा शिकारीला मदत म्हणून, ट्रेल कॅमेरा वापरता येणार नाही. १ जानेवारी २०२२ पासून नियम लागू झाला. त्याच महिन्यात शेजारच्या यूटा राज्याने मोठ्या जनावरांच्या शिकारीसाठी ३१ जुलै ते ३१ डिसेंबर या काळात कॅमेरे बंद केले. नेवाडाने सरकारी जमिनीपुरता असा निर्णय २०१८ मध्येच घेतला होता. कॅन्ससने २०२३ मध्ये वन्यजीव खात्याच्या ताब्यातल्या जमिनींवर कॅमेऱ्यांना मनाई केली. दर वेळी शिकाऱ्यांमधून ओरड झाली आणि दर वेळी मुद्दे साधारण तेच होते. कॅमेरा काही गोळी झाडत नाही. तंत्रज्ञान पुढे जाणारच. कॅमेऱ्यामुळे कोवळी जनावरं वाचतात. नोकरदार माणसाला रानात भटकायला वेळ कुठे आहे? आणि शेवटी हुकमी पत्ता: हा नियम पाळला जातोय की नाही, हे बघणार कोण?

हे मुद्दे मला तोंडपाठ आहेत, कारण विस्कॉन्सिनमध्ये स्थायिक झालेला माझा आतेभाऊ ते अस्सल पुणेरी मराठीत मांडतो. थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी सुरू होणारा नऊ दिवसांचा बंदुकीचा हंगाम तो सहसा चुकवत नाही. त्याच्या राज्यात अशी बंदी नाही, पण पश्चिमेकडचं हे लोण आपल्याकडेही येणार या धास्तीने तो आतापासूनच बाह्या सरसावून बसला आहे. माणूस सज्जन आहे. मारलेलं हरीण वाया घालवत नाही, मांस शेजाऱ्यापाजाऱ्यांत वाटतो. तरीही त्याच्या पाच मुद्द्यांपैकी साडेचार मला मान्य नाहीत.

ज्यांनी ही वस्तू पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. झाडाच्या खोडाला पट्ट्याने आवळून बसवायची, मातकट-हिरव्या रंगाची छोटी पेटी. तिच्या पुढच्या भिंगामागे उष्णता ओळखणारा संवेदक असतो. आजूबाजूच्या हवेपेक्षा वेगळ्या तापमानाचं काही समोरून हललं की अर्ध्या सेकंदाच्या आत फोटो निघतो. रात्री इन्फ्रारेड दिवे लागतात. ९४० नॅनोमीटर तरंगलांबीचे असले, तर समोर उभ्या माणसालाही ते लागल्याचं कळत नाही. फोटोच्या खालच्या पट्टीत तारीख, वेळ, तापमान आणि चंद्राची कला छापलेली असते. जुन्या पद्धतीत आत एक कार्ड असायचं. ते आणायला माणसाला पायी जावं लागे, वास मागे सोडावा लागे आणि मिळणारी बातमी शिळी असे. नव्या कॅमेऱ्यात सिमकार्ड आहे. हरणाने मान वर करायच्या आत त्याचा फोटो मालकाच्या खिशात पोहोचतो. किंमत शंभर डॉलरच्या आत, वर महिन्याची वर्गणी. असे दहा-वीस कॅमेरे लावणारे शिकारी तिथे दुर्मीळ नाहीत.

आता पहिला मुद्दा, आणि माझ्या मते खरा मुद्दा तोच. ‘फोटो कॅमेरा काढतो. गोळी तर मीच झाडतो ना?’

गोळी झाडणं हा शिकारीतला सगळ्यात छोटा भाग आहे. दुर्बिणीची आधुनिक रायफल घेतली, तर शंभर यार्डांवर शांत उभ्या हरणाच्या खांद्यामागे गोळी मारायला नवशिक्यालाही थोड्याच दिवसांत शिकवता येतं. जे असं शिकवता येत नाही ते त्याच्या आधीचं. पांढऱ्या शेपटीचं हरीण दिवसा कुठे बसतं, कोणत्या उताराने खाली येतं, वारा उत्तरेचा असेल तर कोणती वाट टाळतं. ऑक्टोबरमध्ये नर झाडाच्या खोडावर शिंगं घासतो. साल सोललेल्या त्या जागेचा रंग ताजा आहे की काळवंडलाय, यावरून तो कधी येऊन गेला ते ओळखायचं. माजाचे दिवस जवळ आले की तो खाली वाकलेल्या फांदीखाली खुरांनी जमीन उकरतो, तिथे मुततो, फांदी चघळतो. त्या उकरलेल्या मातीत पानं पडली आहेत की ती स्वच्छ आहे, हे बघायचं. सकाळी ऊन चढतं तशी हवा डोंगर चढते आणि संध्याकाळी उतरते, म्हणून सकाळची बसायची जागा संध्याकाळी चालत नाही. लेंड्या, ठसे, चावलेल्या फांद्या. आपल्याकडच्या जुन्या पारध्यांना आणि वाटाड्यांना हे सगळं ओळखीचं वाटेल. माग काढणं म्हणतात ते हेच, आणि माग काढणाऱ्याला आपल्याकडे बंदूकवाल्यापेक्षा जास्त मान होता.

म्हणजे शिकार मुळात माहितीचीच आहे. जनावराला आपली माहिती असते, नाकाने आणि कानाने. आपल्याला त्याची मिळवावी लागते, आणि ती मिळवताना चुका होतात. त्या चुकांमुळेच बहुतेक हरणं हंगाम संपेपर्यंत जिवंत राहतात. कॅमेरा ‘फक्त माहिती’ देतो, असं म्हणणाऱ्याने शिकारीतला सगळ्यात मोठा वाटा यंत्राला देऊन टाकला आणि सगळ्यात किरकोळ वाटा अभिमानाने स्वतःकडे ठेवला. परीक्षेच्या आदल्या रात्री पेपर फुटून हातात पडलेल्या विद्यार्थ्याने ‘उत्तरं तर मी माझ्याच हाताने लिहिली’ असं सांगावं, त्यातला हा प्रकार.

गेल्या दिवाळीत हा आतेभाऊ पुण्यात आला होता. भाऊबिजेला आम्ही दुपारच्या जेवणाला बसलो होतो. त्याचा फोन थरथरला. त्याने श्रीखंडाचं बोट चाटलं आणि पडदा माझ्यासमोर धरला. करड्या, दाणेदार चित्रात एक नर मान वळवून उभा होता, डोळे दिव्यासारखे पांढरे. तिकडे रात्रीचे दोन वाजून गेले होते. ‘हा बघ, आला. सलग चौथी रात्र. याच वेळेला याच ओढ्यावरून जातो,’ तो म्हणाला. त्याच्या बायकोने कपाळावर हात मारला. त्या नराला त्याने नावही ठेवलं होतं. फोनमध्ये त्याच्यासारख्या आणखी काहींचे फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये होते, आणि त्या फोल्डरचं नाव होतं ‘हिट लिस्ट’. हे नाव त्याने शोधलेलं नाही, तिकडच्या शिकाऱ्यांत सर्रास तेच चालतं.

मी त्याला विचारलं, ‘अरे, इथे बसून तुला त्याचं सगळं वेळापत्रक कळतंय. तिकडे जाऊन तू करणार काय?’ तो म्हणाला, ‘वारा बघणार आणि बसणार.’ मग हसला. त्या हसण्यात त्यालाही काही तरी बोचलं असावं, असा माझा समज आहे. तो तसं कबूल करत नाही.

दुसऱ्या मुद्द्यात नेहमीची पळवाट आहे. ‘दुर्बीण चालते, अंतर मोजणारं लेझर चालतं, कप्प्यांचं धनुष्य चालतं, मग कॅमेराच का नाही? रेष ओढणार कुठे?’ हा प्रश्न अशा थाटात विचारला जातो की जणू आजवर कुणी रेष ओढलीच नाही. अमेरिकेतल्या शिकारीचा शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास म्हणजे रेषा ओढण्याचाच इतिहास आहे, आणि त्यातल्या कित्येक रेषा शिकाऱ्यांनीच आग्रह धरून ओढून घेतल्या. बदकांच्या शिकारीत जिवंत पाळीव बदकं पाण्यावर सोडून रानबदकांना भुलवायची पद्धत होती. १९३५ साली ती बंद झाली. दाणे टाकून बदकं जमवणंही त्याच वर्षी बंद झालं. शॉटगनमध्ये पाच काडतुसं मावत असली तरी बदकांसाठी तीनच भरायची, हाही तेव्हाचाच नियम. त्यासाठी बंदुकीच्या काडतुसांच्या नळीत लाकडाची एक काठी सरकवून ठेवतात. कारखान्याने दिलेली ताकद मालकाने स्वतःच्या हाताने अडवायची. आजही बदकांच्या शिकाऱ्याला ती काठी बसवावी लागते आणि वन्यजीव रक्षक बंदूक उघडून ती आहे का ते बघतो. विमानातून जनावरं मारण्यावर १९७१ मध्ये देशभर बंदी आली.

अलास्कातला एक नियम तर आपल्या वादाला थेट लागू पडतो. तिथे अफाट पसारा, रस्ते नाहीत, म्हणून शिकारी छोट्या विमानाने जातात. वरून जाताना अस्वल किंवा मूस दिसणारच, डोळे मिटून कुणी उडत नाही. म्हणून नियम असा की ज्या दिवशी तुम्ही विमानातून प्रवास केला, त्या दिवशी मोठ्या जनावरांची शिकार करायची नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे तीननंतरच. या नियमाने विमान अडवलं नाही, बघणंही अडवलं नाही. बघणं आणि मारणं यांच्यामध्ये एक रात्र घातली. त्या रात्रीत जनावर कुठेही जाऊ शकतं. न्यू हॅम्पशरने हाच विचार कॅमेऱ्याला लावला: थेट चित्र पाठवणाऱ्या कॅमेऱ्याच्या मदतीने त्याच दिवशी शिकार करायची नाही. तेव्हा रेष कुठे ओढायची, हे कोडं मुळीच नाही. बातमी आणि बंदूक यांच्यात जनावराला हलायला वेळ उरतो की नाही, तिथे ओढायची. दुर्बिणीला ती लागू होत नाही, कारण दुर्बीण धरायला माणसाला स्वतः तिथे असावं लागतं. त्याचा वास येतो, त्याच्या पायाखाली काटकी मोडते. सिमकार्डाला ती लागू होते.

‘बून अँड क्रॉकेट क्लब’ ही तिथल्या शिकाऱ्यांची जुनी आणि मानाची संस्था, १८८७ मध्ये थिओडोर रूझवेल्ट आणि जॉर्ज बर्ड ग्रिनेल यांनी उभारलेली. विक्रमी शिंगांच्या नोंदी ती ठेवते. जनावराला निसटायची रास्त संधी मिळाली पाहिजे, हा तिचा पायाच. या क्लबनेही थेट माहिती पाठवणाऱ्या साधनांवर विसंबून मारलेलं जनावर नोंदीतून बाद ठरवलं आहे. म्हणजे ‘हे शहरी प्राणिप्रेमींचं कारस्थान आहे’ ही आतेभावाची तक्रार इथेच गळून पडते.

तिसरा मुद्दा तो, जो मला अर्धा पटतो. हरणांचा कळप सांभाळायचा असेल तर नर किती, माद्या किती, पाडसं किती हे कळायला हवं. कॅमेऱ्याशिवाय ते कळणार कसं? बरोबर आहे. १९९७ मध्ये जेकबसन या संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पांढऱ्या शेपटीच्या हरणांची अशी मोजणी करण्याची पद्धत प्रसिद्ध केली: ठरावीक एकरांमागे एक कॅमेरा, समोर मका, आणि शिंगांच्या ठेवणीवरून एकेक नर वेगळा ओळखायचा. खासगी जमिनींचे मालक आजही तिचाच आधार घेतात. तरुण नरांना सोडून द्यायचं आणि पूर्ण वाढलेलाच मारायचा, ही शिस्त पाळायलाही तिची मदत होते. पण ही मोजणी दहा-चौदा दिवसांत उरकते, आणि हंगाम उघडायच्या आधी. तिला कार्डाचा कॅमेरा पुरतो. मोजणीच्या नावाखाली नोव्हेंबरभर दर मिनिटाची बातमी मागणाऱ्याला मोजायचं काहीच नसतं. त्याचं मोजून झालेलं असतं, त्यातला एक निवडूनही झालेला असतो.

‘वेळ नाही’ या मुद्द्याबद्दल मला खरोखर सहानुभूती आहे. आठवडाभर कारखान्यात राबणाऱ्याला शनिवार-रविवार मिळतो, त्यात तो काय माग काढणार? कॅमेरा त्याला श्रीमंत शिकाऱ्याच्या बरोबरीने आणतो, असं सांगितलं जातं. प्रत्यक्षात काय होतं ते अ‍ॅरिझोनाच्या उत्तरेला जाऊन बघावं. कैबाब पठार आणि त्याच्या पश्चिमेचा कोरडा पट्टा म्यूल डिअर जातीच्या हरणांच्या भल्यामोठ्या शिंगांसाठी प्रसिद्ध आहे. तिथला परवाना सोडतीत लागतो, आणि चांगल्या भागाचा नंबर लागायला माणसं वर्षानुवर्षं थांबतात. मुलूख इतका शुष्क की जनावरांसाठी पावसाचं पाणी साठवणाऱ्या टाक्या बांधाव्या लागल्या आहेत. त्यातल्या कित्येक शिकाऱ्यांच्याच पैशांतून आणि श्रमांतून. ऑगस्टच्या उन्हात हरणाला या टाकीवर यावंच लागतं. तिथे कॅमेरा लावला की त्याला दुसरी वाटच उरत नाही.

लावणारा तो कारखान्यातला माणूस असता तर एक वेळ ठीक. पण त्याचा एक कॅमेरा, आणि पैसे घेऊन शिकार घडवून आणणाऱ्या व्यावसायिक वाटाड्याचे पन्नास. पाण्याच्या एकाच टाकीभोवती कॅमेऱ्यांची रांग, दर दोन दिवसांनी कुणीतरी गाडी घेऊन कार्ड बदलायला हजर, आणि झुडपात तहानलेलं हरीण वाट बघत उभं. कॅमेऱ्यातले फोटो आणि ठिकाणं विकण्याचा धंदाही सुरू झाला, म्हणून यूटाला तशा खरेदी-विक्रीवर वेगळी बंदी घालावी लागली. स्वस्त यंत्राने गरिबाला बरोबरीत आणल्याची गोष्ट बहुतेक वेळा अशीच संपते: गरिबाकडे एक यंत्र येतं आणि श्रीमंताकडे त्याचं जाळं. बंदीमुळे उलट तो शनिवार-रविवारवाला परत शर्यतीत येतो, कारण पायांना आणि डोळ्यांना वर्गणी लागत नाही.

इथवर वाचून काही मराठी वाचक अस्वस्थ झाले असतील, हे मला ठाऊक आहे. ‘मारायचंच आहे तर कॅमेऱ्याने मारलं काय आणि माग काढून मारलं काय? हरणाला काय फरक पडतो? मारणाऱ्याने नीतीच्या गप्पा मारू नयेत.’ हा आक्षेप शिकाऱ्यांच्या सगळ्या मुद्द्यांपेक्षा वजनदार वाटतो, पण तो अमेरिकेतल्या परिस्थितीला लावता येत नाही. आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, १९९१ च्या दुरुस्तीने परवान्यावरची उरलीसुरली शिकारही संपली, आणि ते योग्यच झालं, कारण आपली काळविटं आणि सांबरं संपत चालली होती. तिकडे गोष्ट उलट दिशेने गेली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेसुमार बाजारी शिकारीने पांढऱ्या शेपटीची हरणं देशभरात जेमतेम पाच लाखांच्या आसपास उरली होती. बाजारी शिकार बंद झाली, हंगाम आणि मर्यादा ठरल्या. १९३७ च्या कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरचा कर (रायफल-शॉटगनवर ११ टक्के) थेट वन्यजीवांच्या कामासाठी राखून ठेवला. आज ती हरणं तीन कोटींच्या घरात आहेत. बहुतेक राज्यांतून लांडगे आणि प्यूमा कधीच संपवले गेले. दरवर्षी साठेक लाख हरणं मारली जातात तरी रस्त्यांवर गाड्यांना धडकणं थांबत नाही, आणि जंगलात कोवळी रोपं वर येत नाहीत. तिथे कुणीतरी हरणं मारणार आहेच. मग कशी मारायची हा प्रश्न क्षुल्लक कसा?

आणि याच ठिकाणी कॅमेऱ्याच्या वकिलांची सगळ्यात मोठी लबाडी उघडी पडते. हरणं फार झाली, ती कमी करायलाच हवीत, हे ते सांगतात. मान्य. पण संख्या कमी करणं हे वेगळं काम आहे. अमेरिकेतल्या काही उपनगरांत त्यासाठी पगारी नेमबाज बोलावतात. ते मका टाकतात, रात्री येतात, उष्णता दाखवणाऱ्या दुर्बिणी आणि आवाज दाबणाऱ्या नळ्या वापरतात, आणि काम संपवून जातात. त्यांनी शंभर कॅमेरे लावावेत, माझी हरकत नाही. विदर्भातल्या शेतकऱ्याला रोही किंवा रानडुकरं मारायची परवानगी वनखात्याकडून मिळते, तेव्हा त्याने कपाशीच्या कडेला कॅमेरा लावला तर त्याला रास्त संधीचं तत्त्वज्ञान कोण ऐकवेल? त्याला पीक वाचवायचं असतं. मेलेल्या रोह्यासोबत तो फोटो काढून घेत नाही, त्याचं डोकं दिवाणखान्यात टांगत नाही आणि शिंगांची मापं कुठल्या नोंदवहीत पाठवत नाही. आतेभावाच्या घरात मात्र चार मुंडकी भिंतीवर आहेत. शिकाऱ्याला कसब दाखवल्याचा मान हवा आणि नेमबाजाची अवजारंही हवीत. दोन्ही डगरींवर पाय ठेवून उभं राहता येत नाही. खात्याचं काम म्हणून मारायचं असेल तर खुशाल यंत्रं वापरा आणि भिंत मोकळी ठेवा.

आपल्याकडून आणखी एक गैरसमज पुढे येतो, तो जास्त सात्त्विक आहे. कॅमेऱ्यानेच तर आपले वाघ वाचवले! सारिस्काचा धडा अजून ताजा आहे. पंजांच्या ठशांवरून मोजलेले वाघ कागदावर होते आणि २००५ पर्यंत रानात एकही उरला नव्हता. उल्हास कारंत यांनी नागरहोळेत नव्वदच्या दशकात कॅमेऱ्याने, पट्ट्यांवरून एकेक वाघ ओळखत मोजणीची रीत रुजवली, आणि २०१८ च्या देशव्यापी गणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लागले, साडेतीन कोटींच्या आसपास फोटो निघाले, गिनीज बुकात नोंद झाली. बुद्धपौर्णिमेला मेळघाटात पाणवठ्यावरच्या मचाणावर रात्र काढलेल्या कुणालाही विचारा, चांदण्यात पाण्यावर आलेलं जनावर सांबर होतं की रोही यावरच सकाळी मचाणावर भांडणं होतात. कॅमेरा भांडत नाही. मग तोच कॅमेरा अ‍ॅरिझोनात वाईट कसा?

कारण मोजणीचा कॅमेरा उशिरा बोलतो. कार्डं गोळा होतात, फोटो तपासले जातात, महिन्यांनी आकडा येतो. तोवर ते जनावर कुठल्या कुठे गेलेलं असतं. हीच माहिती त्या क्षणी बाहेर पडली तर काय होईल, याची आपल्या व्यवस्थेलाही धास्ती आहे. २०१३ मध्ये मध्य प्रदेशातल्या एका कॉलर लावलेल्या वाघाच्या जीपीएस नोंदी ज्या ई-मेल खात्यात येत, त्यात शिरण्याचा प्रयत्न झाला. तो हाणून पाडला गेला. प्रयत्न पुण्यातून झाला होता, एवढं मुद्दाम नोंदवतो. ताडोबात सफारीला मोबाइल नेता येत नाही. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-करांडल्यात पर्यटकांच्या गाड्यांनी वाघीण आणि तिच्या पिल्लांची वाट अडवली, आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला त्याची स्वतःहून दखल घ्यावी लागली. तिथे कुणाच्या हातात बंदूक नव्हती, सगळे बघायलाच आले होते. जनावर आत्ता, या मिनिटाला कुठे आहे, एवढी एकच बातमी त्याला कोंडीत पकडायला पुरते.

या कॅमेऱ्याचा पूर्वज एका शिकाऱ्यानेच घडवला, हे तिथल्या शिकाऱ्यांना अभिमानाने सांगायला आवडतं. जॉर्ज शिरास हा पेनसिल्व्हेनियातला वकील. मिशिगनमधल्या व्हाइटफिश सरोवराच्या काठी त्याने आडवी तार बांधून, हरणाचा पाय लागताच झगझगाट होऊन फोटो निघेल अशी योजना केली. जुलै १९०६ च्या ‘नॅशनल जिऑग्राफिक’मध्ये त्याचे ७४ फोटो आले. पण अभिमान बाळगायचा तर पुढचंही सांगावं. शिरासने कॅमेरा उचलला तो बंदुकीच्या ऐवजी. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात असताना स्थलांतरित पक्ष्यांच्या संरक्षणाचं विधेयकही त्यानेच मांडलं.

राहता राहिला हुकमी पत्ता: बघणार कोण? रान अफाट, रक्षक मूठभर, पेटी पानांत लपलेली, आणि कुणी विचारलं तर ‘मी पक्ष्यांचे फोटो काढतो’ म्हणून मोकळं. कार्डाच्या कॅमेऱ्याबाबत ही अडचण खरी आहे, ती मी नाकारत नाही. अ‍ॅरिझोनाने थेट प्रक्षेपण करणारे कॅमेरे आधीच बंद केले होते, तरी पुढे सगळेच बंद करावे लागले, त्यामागे हीच व्यवहारी अडचण असावी: झाडावरची पेटी बाहेरून बघून आत सिमकार्ड आहे की नाही हे कळत नाही. पण म्हणून नियमच नको, हा निष्कर्ष कसा निघतो? रात्री बॅटरी मारून हरीण मारणंही तिथे जवळपास सगळीकडे गुन्हा आहे आणि रानात अंधारच असतो. सिमकार्डाच्या कॅमेऱ्याबद्दल तर हा युक्तिवाद पार उलटा पडतो. त्याने काढलेला प्रत्येक फोटो कंपनीच्या सर्व्हरवर जातो, मालकाच्या खात्यात वेळेसकट बसतो, आणि फोटोच्या खाली मिनिटापर्यंतची वेळ छापलेली असते. मारलेल्या जनावराची नोंद कित्येक राज्यांत शिकाऱ्याला सरकारकडे करावीच लागते. न्यायालयाचा आदेश घेऊन या दोन तारखा शेजारी ठेवायला रक्षकाला रानात जावंही लागत नाही. माझ्या आतेभावाला हे मी सांगितलं तेव्हा तो म्हणाला, ‘मग सगळे परत कार्डावर जातील.’ जाऊ देत की. कार्ड आणायला पायी तर जावं लागेल.